क्लस्टरचा मुआयना

माझं काम कुणाला दिसत नाही, आणि सासरी ही गोष्ट फार अवघड जाते. माहेरी, जैनथला, आई निदान सांगायची की पोरगी कॉम्प्युटरवर बसली आहे, तिला हाका मारू नका. सासरी, आदिलाबादकडच्या तामसी मंडलातल्या आमच्या गावात, लोकांना दिसायचं ते एवढंच: सून सकाळी समोरच्या खोलीत शिरते, दार लोटून घेते आणि जेवायच्या वेळी बाहेर येते. ना डोक्यावर कापसाचं गाठोडं, ना हातात वह्यांचा गठ्ठा. नवरा शाळामास्तर आहे, तो निदान बाहीला खडू लावून घरी येतो. मी जशी आत जाते तशीच बाहेर येते.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी हैदराबादला आणि तो इथे, अशी गेली. शनिवारी बसमध्ये, रविवारी संध्याकाळी परत बसमध्ये. नंतर सगळं जगच घरून काम करायला लागलं, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन इथे आले आणि इथलीच झाले. गावात फायबरची तार आली होती, आणि ती तार आमच्या घरापर्यंत आणण्यासाठी मामाजींनी खांबाखाली उभं राहून त्या तारवाल्या पोरांना जो त्रास दिला, तो ती पोरं विसरली नसतील.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची रीत. मामाजी महसूल खात्यात कारकून होते. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, मामाजी टेबलामागे बसले, आणि त्या टेबलाचा त्यांना अजून एवढा अभिमान आहे की निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांची जीभ कचेरीतच आहे. त्यांच्या बोलण्यात अर्ज नसतो, दरख्वास्त असते. भाजी बरी झाली तर ती मंजूर होते. आत्याबाई माहेरी गेल्या तर त्या रवाना झालेल्या असतात. मी पहिल्यांदा चहा केला तेव्हा त्यांनी एक घोट घेऊन ‘दाखल’ म्हटलं होतं, आणि मी नव्या नवरीच्या भीतीनं स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला विचारलं होतं की हे चांगलं की वाईट.

‘मी क्लाउडवर काम करते’ हे वाक्य गावात बोलायची सोय नव्हती. बायका वर बघायच्या. पण मामाजींनी पिच्छा सोडला नाही. रोज काहीतरी विचारायचे. शेवटी एकदा मी वैतागून त्यांना कंटेनर समजावून सांगितलं. म्हटलं, मामाजी, प्रोग्राम चालायला त्याला स्वतःचं सामान लागतं. ते सगळं सामान आणि प्रोग्राम मिळून एका डब्यात भरायचं. मग डबा मुंबईत उघडा नाहीतर आदिलाबादेत, आत जे होतं तेच निघणार. असे शेकड्यानं डबे असतात. ते ठेवायला भाड्याचे पुष्कळ संगणक घ्यायचे, आणि ते सगळे संगणक एकमेकांना धरून एकच असल्यासारखे वागले पाहिजेत. त्या जथ्याला क्लस्टर म्हणतात.

“मंग तू डबे भरते?”

नाही म्हटलं. डबे दुसरे भरतात. ते येऊन मांडतातही दुसरेच. मी फक्त त्याआधी जागा तयार करते.

हे ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हे मला दाखल करणार. म्हणाले, म्हणजे कॅम्प. मग त्यांनी सांगितलं की मोठा साहेब जमिनीच्या कामाला गावात येणार असला की कारकून आधी जायचा. झाडाखालची जागा झाडून घ्यायची, टेबल कुणाच्या घरून आणायचं, पाण्याचा माठ कुठे ठेवायचा, नकाशे कोणत्या क्रमानं लागतील, कुणाला आधी बोलवायचं आणि कोणत्या दोन भावांना एकमेकांसमोर येऊ द्यायचं नाही. साहेब यायचा, बसायचा, सह्या करायचा, हार घालून घ्यायचा आणि जायचा. गावाला आठवायचा तो साहेब. मामाजी हे कडवटपणे सांगत नव्हते, रंगून सांगत होते. त्या दिवसापासून माझ्या कामाला आमच्या घरात कॅम्प हे नाव पडलं. आत्याबाई शेजारणीला सांगायच्या, सून कॅम्पात आहे.

आता मुख्य गोष्ट. कंपनीनं सगळ्यांना परत ऑफिसात बोलवायचं ठरवलं. माझी मॅनेजर हैदराबादची तेलुगू बाई, तोंडाची फटकळ आणि मनाची सरळ. तिनं मला आडपडदा न ठेवता सांगितलं की तुझ्यासाठी वर भांडायला माझ्याकडे काहीतरी पाहिजे. दवाखान्यांच्या एका साखळीचं काम आलं होतं. त्यांचं सगळं, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, तपासण्या, औषधं, एका नव्या प्लॅटफॉर्मवर जाणार होतं. प्लॅटफॉर्म बसवणारी टीम वेगळी होती आणि त्यांचा वेळ महाग होता. त्यांनी येण्याआधी क्लस्टर तयार हवा, आणि ठरल्या दिवशी त्यांच्या आणि क्लायंटच्या समोर त्याची तपासणी पास व्हायला हवी. ती म्हणाली, हे तू तिथून एकटीनं नीट करून दाखव, मग तू तिथेच राहशील, ते मी बघून घेईन. नाही झालं तर पुढच्या महिन्यापासून ऑफिस.

मी हे रात्रीच्या जेवणात सांगितलं. नवरा ताटाकडे बघत राहिला. त्याची शाळा इथली, आईबाप इथले, तो काय बोलणार. आत्याबाईंनी मला न विचारता आणखी एक भाकरी वाढली. मामाजी हात धुवायला उठले ते बराच वेळ हातच धूत राहिले. मग आतूनच त्यांनी विचारलं की कॅम्प कधी लावायचा आहे.

मला जायचं नव्हतं. हे स्पष्ट सांगते, कारण गावाकडे राहणं मला आवडतं असं म्हटलं की शहरातल्या मैत्रिणी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. मला नवऱ्याच्या बाजूला बसून जेवायला आवडतं. मला संध्याकाळी आत्याबाईंबरोबर ज्वारी निवडत गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायला आवडतं. आणि मामाजी डोक्यात जातात तरी ते दिवसभर घरात नसले तर मला चुकल्यासारखं होतं. त्या बसच्या खिडकीला डोकं लावून पुन्हा शनिवार-रविवार मोजायचे, हे मला नको होतं.

तयारी सुरू झाली. मामाजी सकाळी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून खोलीच्या दारात यायचे आणि विचारायचे, “आज काय हाय मुआयन्याले?” मुआयना म्हणजे त्यांच्या कचेरीतली प्रत्यक्ष जागेवरची तपासणी. मी सांगायची. आज मशीन, म्हणजे ते भाड्याचे संगणक, मागायची आहेत. ज्यांच्याकडून आपण भाड्यानं घेतो ते हवी तेवढी लगेच देत नाहीत, आधी मर्यादा वाढवून मागावी लागते, ते विचार करून हो म्हणतात. मामाजींना हे इतकं ओळखीचं वाटलं की त्यांनी मला दरख्वास्त कशी लिहावी यावर भाषण दिलं. कारण थोडक्यात लिही, पण गरजेपेक्षा थोडं जास्त माग, कारण वरचा माणूस कापतोच. मी तसं केलं. भाड्यानं देणाऱ्यांनी काहीच न कापता सगळं देऊन टाकलं. मामाजींचा त्या लोकांवरचा विश्वास तिथेच उडाला. न कापता देतात म्हणजे वाचतच नाहीत, असं त्यांचं मत पडलं.

मग साठवणीची जागा. डबा बंद पडून दुसरीकडे उघडला तरी आतला माल जाता कामा नये, म्हणून माल वेगळ्या कोठीत ठेवायचा आणि डब्याला फक्त कोठीची वाट दाखवायची. मग बाहेरून आत यायचं दार, आणि ते दार आपलंच आहे याचं प्रमाणपत्र. मग परवानग्या: बसवणाऱ्या टीमला काय करता येईल आणि कशाला हात लावता येणार नाही. परवानग्यांच्या दिवशी मामाजी दारातून हललेच नाहीत. कुणाला काय बघू द्यायचं नाही, या विषयावर माणूस असा फुलून येतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांना एकच गोष्ट पटत नव्हती. ही मशीन आहेत कुठे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं मुंबईकडे, कुठल्यातरी इमारतीत. तू पाहिलीस का? नाही. कुणी पाहिलीत का? आमच्यापैकी कुणीच नाही. न पाहता मुआयना ही त्यांच्या लेखी लबाडी होती. म्हणून मग मी त्यांना खुर्ची देऊन बाजूला बसवलं आणि पडदा दाखवला. एकेका मशीनचं नाव आणि त्याच्यासमोर त्याची अवस्था. तयार असेल तर रेडी, अडकलं असेल तर पेंडिंग. पेंडिंग हा शब्द वाचून त्यांनी मान हलवली. त्याच्याशी त्यांचा जन्माचा परिचय होता.

इथवर ठीक होतं. पण मामाजी संध्याकाळी हॉटेलवर जातात. हॉटेल म्हणजे बसथांब्यासमोरचं चहाचं दुकान, आणि तिथे ते रोजचा अहवाल सादर करायला लागले. आज सुनेनं कोठ्या बांधल्या. आज दाराचा कागद मंजूर झाला. लोकांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि मग थट्टा सुरू केली. हॉटेलवाला म्हणाला म्हणे, कारकूनसाहेब, कोठ्या बांधल्या तं एक आमच्या सोयाबीनले द्या. कुणी म्हणालं, सून घरात बसून खाते आणि सासरा गावात तिचा ढोल वाजवतो. हे मला पाण्याच्या नळावर एका बाईनं अगदी हसत हसत सांगितलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरी येऊन मामाजींना बोलले. बरंच बोलले. म्हटलं, माझं काम माझ्यापाशी राहू द्या, त्याची दवंडी पिटू नका, उद्या नापास झाले तर तोंड कुठे लपवू. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पांढरा सदरा घालून दारात हजर.

तपासणीचा दिवस आला. आदल्या दिवशी मी सगळं एकदा चालवून पाहिलं होतं, सगळं हिरवं, म्हणजे पास होतं. दुपारी जेवून चूळ भरून मी परत खोलीत येते तर खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. गावच्या बुद्धविहारातल्या. पाठीमागे विहाराचं नाव रंगवलेलं. त्या खुर्च्यांवर विहाराचं बघणारे म्हातारे गुरुजी, तो हॉटेलवाला, शेजारचे कापूसवाले पाटील आणि त्यांची बायको, आणि नळावरची ती बाई, असे पाच जण बसलेले. धुतलेले कपडे घालून. पाटलीणबाईंनी तर डोक्यात फूल माळलं होतं. मामाजी टेबलापाशी उभे राहून त्यांना पडदा दाखवत होते.

आमच्या भागात बोअरला पहिलं पाणी लागायच्या दिवशी किंवा नव्या पिठाच्या गिरणीत पहिला दाणा पडायच्या वेळी चार माणसं लागतात. त्याशिवाय बटण दाबत नाहीत. मला ते माहीत होतं. पण ही काय पिठाची गिरणी आहे का? मी मामाजींना पडवीत बोलावलं आणि जेवढं हळू ओरडता येतं तेवढं ओरडले. म्हटलं, इथे बघण्यासारखं काय आहे, पडद्यावर अक्षरं आहेत. म्हटलं, हैदराबादचे लोक फोनवर असणार आहेत, माझी नोकरी आहे, हा काय तमाशा. म्हटलं, तुम्हाला लोकांना तोंड दाखवायचं आहे म्हणून माझ्या जिवाशी खेळता.

“बसू दे त्याईले,” ते म्हणाले. “आवाज करनार नाईत. मी हमी घेतो.”

आता बसलेल्या माणसांना उठवायचं कसं? हाकलून द्यावं असं एक क्षण मनात आलं, पण पाटलीणबाईंच्या डोक्यातलं ते फूल बघून माझा धीर होईना. मी खुर्चीवर बसले. गुरुजी म्हणाले, सुरुवात करायची तर त्रिशरण घेऊ. मी माईक बंद असल्याची दोनदा खात्री केली. सगळे उभे राहिले, पाटीलही हात जोडून उभे राहिले, आणि माझ्या क्लस्टरसमोर आम्ही त्रिशरण घेतलं. मला हसू आलं. मग कॉल सुरू झाला.

तपासणी म्हणजे एक प्रोग्रामच असतो. तो क्लस्टरवर सोडला की एकेक गोष्ट विचारत जातो. मशीन पुरेशी आहेत का? हिरवी खूण. कोठ्या आहेत का? हिरवी. दार, प्रमाणपत्र, परवानग्या, सगळं हिरवं. मागे मामाजी कुजबुजत एकेकाचा अर्थ सांगत होते आणि निम्मे अर्थ चुकीचे सांगत होते. शेवटी तो रिकामे डबे मांडून बघतो, सगळे उभे राहतात का. डबे उभे राहायला लागले. मग थांबले. उरलेले सगळे पिवळे. पेंडिंग.

त्या दिवशी सकाळी क्लायंटनं आणखी काही दवाखाने यादीत घातले होते, आणि बसवणाऱ्या टीमनं डब्यांची संख्या त्या हिशेबानं वाढवली होती. मग मॅनेजरनं विचारलं की काय झालं. क्लायंटच्या माणसानं विचारलं की काय झालं. बसवणाऱ्या टीमचा जो मुख्य होता त्यानं सांगितलं की आज हे पास झालं नाही तर आम्ही उद्यापासून दुसऱ्या कामावर आहोत, मग बघू. मला बसची खिडकी दिसायला लागली.

हैदराबादच्या ऑफिसात असं काही अडलं की चार जण खुर्चीमागे येऊन उभे राहतात आणि चौघं चार सल्ले देतात. एकजण म्हणतो बंद करून चालू कर. माझ्या मागे पाच जण होते, मामाजी धरून सहा, पण त्यांच्यापैकी कुणालाच काही कळत नव्हतं, म्हणून कुणी काही सुचवलं नाही. मामाजींनी हलक्या आवाजात सांगितलं की पेंडिंग आहे, बसा. आणि ते बसले. नुसते नाही, ऐसपैस बसले. कचेरीच्या पायऱ्यांवर बसायची, बसची वाट बघायची, पाण्याची वाट बघायची सवय असलेली ती माणसं. हॉटेलवाल्यानं पाय वर घेतले. आत्याबाईंनी चहा आणला, तो कपबशीचा आवाज न करता फिरला. कुणीही माझ्याकडे ‘आता काय’ अशा नजरेनं बघितलं नाही. मला काय झालं सांगता येत नाही, पण माझा श्वास जागेवर आला. मी कॉलवर सांगितलं की मला थोडा वेळ द्या, आणि अडकलेल्या एका डब्याच्या नोंदी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्या.

त्यात उत्तर होतं. मशीन भरपूर होती, पण प्रत्येक डब्याला स्वतःचा एक पत्ता लागतो, आणि या जागेसाठी आम्हाला पत्त्यांची जी पट्टी मिळाली होती ती वाढलेल्या डब्यांना पुरत नव्हती. घरं बांधून तयार, दारावर टाकायला नंबर शिल्लक नाहीत, असं झालं होतं. मी शेजारची मोकळी पट्टी शोधली, ती जोडायची परवानगी मॅनेजरकडून कॉलवरच घेतली, पट्टी जोडली आणि, जुन्या मशीनना नवी पट्टी लावता येत नाही म्हणून, त्या पट्टीवर मशीनचा नवा गट मागितला. आता मशीन यायची वाट बघायची. त्यात माझ्या हातात काही नव्हतं. मी खुर्ची वळवली आणि कितीतरी वेळानं त्या सगळ्यांकडे तोंड करून बसले. नळावरच्या बाईनं आपला न प्यालेला चहा माझ्यापुढे केला. मी प्यायले.

पहिलं मशीन रेडी झालं. मग दुसरं. मग डबे एकेक करून पिवळ्याचे हिरवे व्हायला लागले. पाटलांना इंग्रजी येत नाही, पण रंग कळतो. ते बोटानं हवेतच एकेक हिरवा मोजायला लागले. शेवटचा डबा उभा राहिला आणि पडद्यावर सगळं पास असल्याची ओळ आली. मी कॉलवर ‘झालं’ म्हणायला माईक चालू केला आणि नेमक्या त्याच वेळी खोलीत टाळ्या वाजल्या. मामाजींची हमी त्या टाळ्यांत वाहून गेली. क्लायंटचा माणूस हसला. मॅनेजरनं तेलुगूत विचारलं की हे कोण लोक आहेत. मी तेलुगूतच सांगितलं, आमचं गाव.

कॉल संपल्यावर तिनं मला एकटीला फोन केला. म्हणाली, ऑफिसात बसलेल्यांनाही असं तोंडावर आलेलं निस्तरताना नाकी नऊ येतात. तू तिथेच राहा, वरच्यांचं मी बघते, हा विषय संपला. मी फोन ठेवला. मला मोठ्यानं काहीतरी म्हणायचं होतं, पण खोली रिकामी झाली होती. पाहुणे पडवीतून निघाले होते. हॉटेलवाला जाताना मामाजींना म्हणाला की साहेब, काम अवघड हाय बाप्पा. नळावरच्या बाईनं माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

मामाजी खुर्च्या एकात एक घालत होते. मी त्यांना सांगितलं की मी राहतेय, इथेच. त्यांनी मान हलवली आणि आणखी एक खुर्ची उचलली. मला वाटलं होतं ते निदान मंजूर म्हणतील. माझा राग पुरता उतरला नव्हता आणि आनंदही जागेवर नव्हता, म्हणून मी जरा चिडूनच विचारलं की बघितलं ना आता गावानं, झालं ना समाधान, आता हॉटेलवर मान वर करून बसा.

ते थांबले. हातातली खुर्ची खाली ठेवली.

“हॉटेलवाल्यासाठी नव्हतं बोलावलं, बाई,” ते म्हणाले. “मले वाटलं, तू जाशीन. तुमच्या कामाचं काई सांगता येत नाई. आन तू गेली असती तं मी पोराले तुह्यासंगं धाडलं असतं. सांगतलं बी व्हतं त्याले. नवराबायको एका जागी पायजे. बसमधी लय दिस गेले तुमचे.”

नवऱ्यानं मला यातला एक शब्दही सांगितला नव्हता.

“पन मंग गावानं काय म्हनलं असतं? सुनेनं पोरगा नेला, म्हातारे टाकले. ते तुह्या नावावर लागलं असतं जलमभर. म्हनून म्हनलं, चार मानसाईनं डोयानं पाहू द्या, काम खरं हाय. पाह्यल्यावर कोनी बोलत नाई.”

एवढं बोलून ते पुन्हा खुर्च्यांकडे वळले. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते आणि मला रडू फुटलं. लहानपणी जसं रडतात तसं, आवाज काढून. ज्या माणसाला दुपारी मी याच पडवीत म्हटलं होतं की तुम्ही माझ्या जिवाशी खेळता, तो माणूस माझ्या नावाला डाग लागू नये म्हणून विहारातून खुर्च्या वाहत होता, स्वतःचं घर रिकामं करायच्या तयारीनं.

आवाज ऐकून आत्याबाई स्वयंपाकघरातून आल्या. हाताला पीठ तसंच. माझं रडणं बघून त्यांनी एकच अर्थ लावला, की टाळ्या वाजूनही मला जावंच लागणार. पिठाचे हात अंगाला लागू न देता कोपरांनी मला जवळ घेतलं.

“नाई झालं का? नको रडू माय. जा तुमी दोघं. आमाले दोघाईले काय लागते, एक वक्त चूल पेटली तं दिवस निंगते.”

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि मला रोज सकाळी हसून चहा दिला होता. मी कसंबसं म्हणाले, “आत्याबाई, झालं. मी नाई जात. इथंच राह्यते.”

त्यांनी मामाजींकडे बघितलं. मामाजींनी मान हलवली. मामाजींसमोर उभ्या जन्मात खुर्चीवर न बसलेल्या आत्याबाई तिथल्याच एका खुर्चीवर बसल्या आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडायला लागल्या. तोवर मला वाटत होतं की या तपासणीला जीव टांगून बसलेली मी एकटीच आहे.